मग दुसरीला का नाही?

मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर, एक्स-रे काढतात त्या खोलीच्या पलीकडे, एक लांबट दालन होतं. तिथे पाय बनत. गुडघ्याखालचे, मांडीपासूनचे, लहानांचे, मोठ्यांचे. दालनात कायम प्लॅस्टरची पांढरी भुकटी उडत असे, भट्टीत तापणाऱ्या प्लॅस्टिकचा उग्र वास येई आणि कानशीच्या खरखरीवर एक आवाज सतत चढलेला असे. तो आवाज पुराव्याचा.

त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच पडून होतं. कुणी देवाचं नाव काढलं की हा हातातलं काम थांबवून विचारायचा, "पुरावा काय?" आणि त्यावरून सगळं दालन त्याला पुरावा म्हणू लागलं. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटकुळा, डोक्यावर विरळ केस आणि त्यांत पांढऱ्या केसांपेक्षा पांढरं प्लॅस्टर जास्त. हातात मात्र कसब असं, की त्यानं बेतलेला पाय चावत नाही अशी ख्याती लांबवर पसरली होती.

एकदा एक निवृत्त शिपाई दोन कठड्यांच्या मधून पहिल्यांदाच नव्या पायावर नीट चालला. डोळ्यांत पाणी, दोन्ही हात वर. "देवा, तुझीच कृपा रे!"

पुरावा खाली बसून घोट्याचा स्क्रू आवळत होता. तिथूनच म्हणाला, "कृपा कुणाची ते मागाहून बघू. तुमची टाच बाहेर फेकली जात होती, ती मी काल पाच वेळा उघडून बसवली. देव आला होता का पाना घेऊन?"

शिपाई खो खो हसला. पण सगळेच हसत नसत. कुणी तोंड फिरवत, कुणी हमरीतुमरीवर येत, कुणी जाता जाता चार शब्द ऐकवून जात. समोरचा चिडला की पुरावा थांबेल असं वाटावं, तर उलटंच. त्याला आणखी चेव येई. आणि माणूस निघून गेला की हा दालनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझारा घाली. झालेला वाद डोक्यात परत लढे, सुचलेलं उत्तर उशिरा सुचलं म्हणून स्वतःवरच वैतागे.

घरीही तेच. बायको ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायची, दर आठवड्याला प्रार्थनेला जायची आणि येऊन मुकाट्यानं मशीनवर बसायची. तिचा देवही तिच्यासारखाच, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. पण पुराव्याला तेवढंही सहन होत नसे.

"अहो, एक सांगा," ती एकदा सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "तुमच्या लेखी देव नाही ना? मग सोडा की त्याला. मी दिवसातून एकदा त्याचं नाव घेते, तुम्ही पन्नास वेळा घेता. आपल्या दोघांत भक्त कोण?"

तो ओशाळून हसला, पण प्रश्न रुतून बसला. कारणं त्याच्याकडे ढिगानं होती. खोटं ऐकून गप्प बसणं म्हणजे आपणही खोटं बोलणं. लोक औषध सोडून अंगारेधुपारे करतात, पाय काळा पडल्यावर दवाखान्यात येतात, आणि तो काळा पाय कापल्यावर उरतो तो आपल्या पदरात पडतो. ही सगळी कारणं खरी होती. बायकोला ती त्यानं पाठ म्हणून दाखवली. पण एकही कारण सांगून झाल्यावर त्याच्या जिवाला स्वस्थता वाटली नाही. खाज एकीकडे आणि आपण खाजवतोय भलतीकडे, असं काहीतरी.

अशात ती मुलगी आली.

अकरा वर्षांची. डावा पाय गुडघ्याखाली चार बोटं उरलेला. शाळेचं सरकतं लोखंडी फाटक रुळावरून निसटून आडवं कोसळलं होतं. सोबत आई होती, टपाल वाटणारी. उन्हानं रापलेली, ताठ, खांद्यावर पिशवीचा पट्टा रुळून रुळून सदऱ्याचा तेवढाच भाग विटलेला. जखम भरून आली होती आणि साचा घ्यायचा दिवस होता.

पुराव्यानं उरलेल्या पायावर पातळ मोजा चढवला, हाडाच्या कडा पेन्सिलीनं खुणावल्या आणि ओली प्लॅस्टरपट्टी गुंडाळायला घेतली. मुलगी छताकडे बघत होती. लहान मुलं या वेळी हजार प्रश्न विचारतात. ही एक अक्षर बोलत नव्हती.

"फार गुणी आहे," आई म्हणाली. "आणि नशीबवान. फाटकापाशी दोघी उभ्या होत्या, ही आणि हिची मैत्रीण. मैत्रीण जागच्या जागी गेली. हिला देवानं वाचवलं."

पुराव्याचे हात पट्टीवरून फिरत होते. प्लॅस्टर घट्ट होईपर्यंत हात काढता येत नाहीत. हात अडकलेले आणि तोंड मोकळं, अशी ती वेळ.

"हिला वाचवलं," तो म्हणाला. "मग दुसरीला का नाही?"

पुराव्यानं वर पाहिलं नाही. वर पाहिलं असतं तर कदाचित थांबला असता. "नाही, मी विचारतो. दोघी एकाच फाटकापाशी. एकीला हात दिला आणि दुसरीवर फाटक पडू दिलं, तर असल्या देवाला काय म्हणायचं? त्या दुसरीच्या आईनं काय म्हणायचं?"

"काढा ते," टपालवाली म्हणाली.

"अजून वाळलं नाही..."

"काढा म्हणते ना!"

ओला साचा लोंबकळत निघाला आणि परातीत पडून बेढब झाला. आईनं मुलीला कडेवर उचललं, अकरा वर्षांच्या मुलीला, आणि ती ताडताड निघून गेली. दारातून जाताना मुलगी आईच्या खांद्यावरून मागे बघत होती. पुराव्याला ती नजर रागाची वाटली.

दुसऱ्या दिवशी तक्रार आली. सुवाच्य अक्षरात, मुद्देसूद. विभागाच्या मोठ्या साहेबांनी त्याला समोर बसवून कागद पुढे सरकवला: रुग्णांशी व नातेवाइकांशी धर्म या विषयावर बोलणार नाही. "सही करा. तुमचे हात या खात्याला हवेत. तोंड नकोय."

त्यानं सही केली. आणि खरोखर तोंड शिवलं. आठवडाभर दालन इतकं शांत होतं की भट्टीचा पंखा ऐकू येई. पण आत नुसता भडका. जेवताना घास तोंडात फिरे, रस्त्यानं चालताना तो मधेच थबके. आपण चुकीचं बोललो असं त्याला वाटत नव्हतं. पण तो साचा परातीत पडला होता, आणि साच्याशिवाय पाय नाही, हेही खरं होतं. पोरीची पुढची तारीख गेली. त्या पुढचीही गेली.

एक दिवस काहीच सुचेना म्हणून तो अर्धी रजा टाकून त्या शाळेवर गेला. का गेला ते त्याला सांगता आलं नसतं. फाटक पुन्हा उभं केलं होतं, साखळदंडानं बांधून. पुरावा उकिडवा बसला आणि रुळावरून बोट फिरवत टोकापर्यंत गेला. टोकाला फाटक अडवायला लोखंडी ठोकळा असावा लागतो. तिथे फक्त चार गंजकी भोकं होती.

"वर्ष झालं तुटून," शाळेचा रखवालदार त्याच्या डोक्यावर उभा राहून हळूच म्हणाला. "मी वहीत दोनदा लिहून दिलंय. कोण वाचतो?"

"त्या दोघी कुठे उभ्या होत्या?"

रखवालदारानं दाखवलं. एक रुळाला लागून, दुसरी भिंतीशी. मधे हातभर अंतर.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, "मी त्या टपालवालीकडे जाणार आहे. माफी मागायला. त्या पोरीचा गुडघा आखडत असणार. उशीर झाला तर पाय बसणार नाही."

बायकोनं मशीन थांबवलं. "मी पण येते. एकटे गेलात तर उंबऱ्यावरच शास्त्रार्थ सुरू कराल."

रविवारी दुपारी दोघं गेली. दोन खोल्यांचं घर, दाराशी टपालवालीचे बूट, टाचा एका बाजूनं झिजलेल्या. पुराव्याची नजर सवयीनं आधी त्या टाचांवर गेली. दार उघडलं तशी टपालवाली दारातच उभी राहिली.

"मी चुकलो," पुरावा म्हणाला. "तुमच्या मुलीसमोर तसं बोलायला नको होतं. माझ्यावरचा राग तिच्या गुडघ्यावर काढू नका. हवं तर दुसरा माणूस साचा घेईल."

ती काही बोलणार तेवढ्यात त्याला आतली खाट दिसली. मुलगी उताणी पडली होती आणि गुडघ्याखाली जाड उशी होती. पुरावा सगळं विसरला. परवानगी न विचारता आत गेला आणि त्यानं उशी ओढून काढली.

"ही कुणी ठेवली?"

"मी," आई गोंधळून म्हणाली. "तिला बरं वाटतं."

"बरं वाटतं, पण गुडघा वाकडाच राहतो. आजपासून उशी बंद. पालथं झोपायचं, पाय सरळ." त्यानं दोन्ही हातांनी गुडघा हळूहळू दाबत सरळ केला. थोडा आखडला होता, पण सुटत होता.

मुलगी त्याच्याकडे टक लावून बघत होती. मग तिनं विचारलं, "काका, तिला का नाही वाचवलं?"

पुराव्यानं आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. कागदावरची सही आठवली. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्याला तो प्रश्न आपण होऊन विचारत होतं आणि त्याचं तोंड उघडत नव्हतं.

"सगळे मला म्हणतात देवानं तुला वाचवलं," मुलगी भराभर बोलू लागली, जणू कुणी अडवायच्या आत सगळं बाहेर काढायचं होतं. "बाई म्हणतात, शेजारचे म्हणतात. पण ती माझ्यापेक्षा चांगली होती. ती खोटं बोलायची नाही. मीच तिला फाटकापाशी बोलावलं. मग देवानं मला बाजूला घेतलं आणि तिला ढकललं का? माझ्यामुळं?"

आई खाटेशी येऊन बसली. "अगं, हे तू मला कधी..."

"तू रडतेस," मुलगी म्हणाली.

पुरावा खाटेच्या कडेवर टेकला. "देवाचं मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "फाटकाचं ठाऊक आहे. मी जाऊन बघून आलो. रुळाच्या टोकाला एक लोखंडी ठोकळा असतो. तो वर्षभर नव्हता. वहीत लिहिलं होतं, कुणी बसवला नाही. त्या दिवशी तुम्ही नसतात तर आणखी कुणी असतं. तू भिंतीकडे होतीस, ती रुळाकडे होती. मधे एवढं अंतर." त्यानं हात पसरून दाखवला. "तुला कुणी निवडलं नाही. आणि तिला कुणी टाकलं नाही."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही. ठोकळा नव्हता, बस."

मुलीनं कूस वळवली, पालथी झाली, पाय सरळ केला आणि डोक्याच्या उशीत तोंड खुपसून रडू लागली. मोठ्यानं. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. अपघातानंतर पोरगी पहिल्यांदा रडत होती.

रडणं ओसरल्यावर टपालवाली उठली आणि पुराव्याला बाहेरच्या खोलीत घेऊन आली; बायकोही मागोमाग आली. आवाज खालचा, पण धार तीच.

"तिचं झालं. आता माझं ऐका. मी सकाळी हिला शाळेत सोडायची आणि चौदा किलोमीटर चालायची. परत येईपर्यंत ही कुणाच्या भरवशावर, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. उत्तर माझ्याकडे होतं. तुम्ही म्हणता तिथे कुणी नव्हतंच. मग उद्या हिला घराबाहेर कशी पाठवू? सांगा ना. हुशार आहात."

पुराव्याला उत्तर सुचलं नाही. नंतर येरझाऱ्या घालतानाही सुचलं नाही.

"आणि तुम्हाला यातून मिळतं काय? मी काय तुमचं घोडं मारलं होतं?"

तेव्हा पुराव्यानं जे सांगितलं, ते त्यानं अठ्ठावीस वर्षांच्या संसारात बायकोलाही सांगितलं नव्हतं. तो नऊ वर्षांचा असताना धाकट्या भावाला ताप भरला होता. आत्यानं याला सांगितलं, सात दिवस खंड न पाडता प्रार्थनेला बस, भाऊ उठेल. पाचव्या दिवशी दुपारी बसल्या बसल्या याचा डोळा लागला. जाग आली ती घरातल्या रडण्यानं. आत्या एवढंच म्हणाली, "खंड पडला तुझ्याकडून." रागावून नाही, नुसतं सांगितल्यासारखं.

"आठ वर्षं मी ते घेऊन फिरलो," पुरावा म्हणाला. "झोपायची भीती वाटायची. मग सतराव्या वर्षी पाय बनवायला शिकायला लागलो. तिथल्या उस्तादाला एकदा बोलता बोलता हे सांगून बसलो. तो तीन दिवस माझ्याशी भांडला. म्हणे, मुलाचा डोळा लागला म्हणून तापाला कळतं का? तुझा देव पेंगलेल्या पोरावर सूड उगवतो का? मी इतका चिडलो की भिजवलेलं प्लॅस्टर त्याच्या तोंडावर फेकलं. पण तिसऱ्या रात्री मला झोप लागली. त्यानं वाद घातला नसता तर मी जगलो नसतो, बाई. म्हणून कुणी देवाचं नाव घेतलं की मला वाटतं, याच्याही आत असलं काहीतरी रुतलेलं असेल. आणि समोरचा चिडला की वाटतं, आता निघतंय."

"माझ्या आत रुतलेलं नव्हतं हो," टपालवाली म्हणाली. "माझ्या आत तो खांब होता."

निघताना ती एवढंच बोलली, "मंगळवारी येते. साचा तुम्हीच घ्या."

परतीच्या वाटेवर बायको म्हणाली, "एवढी वर्षं माझ्याशी देवावरून भांडलात. भावाचं एकदा सांगितलं असतंत तर मी भांडले नसते."

"म्हणून तर नाही सांगितलं," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो याचं त्यालाच नवल वाटलं.

मंगळवारी साचा झाला. मग सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो साजेसा कप्पा. मग नळी, मग पाऊल. मुलगी कठड्यांमधून चालायला शिकली. आता मात्र तिचं तोंड बंद होत नव्हतं. टपालवालीनं एक दिवस येऊन पुराव्यापुढे कोरा कागद ठेवला. "फाटकाचं जे पाहिलंत ते लिहून द्या. रखवालदाराच्या वहीतल्या तारखांसकट." तिनं शाळेला, शाळेच्या वरच्या कचेरीला आणि त्याच्याही वरच्या कचेरीला पोचपावतीसह पत्रं धाडली. पत्र पोचलं नाही असं म्हणायची सोय तिनं कुणालाच ठेवली नाही. दुसऱ्या मुलीच्या आईचीही खाली सही होती. आठवड्यात ठोकळा बसला. चूक मात्र कुणी कबूल केली नाही.

"प्रार्थनेला त्या दुसरीची आई माझ्याच रांगेत बसते," टपालवाली पुराव्याला म्हणाली. "पूर्वी मी तिच्यासमोर सुद्धा म्हणायची, देवानं माझ्या पोरीला वाचवलं. आता ते वाक्य तोंडातून निघत नाही. तुम्ही काढून घेतलंत. बरं झालं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही. जाते मात्र मी तिथे. जाणारच."

पुराव्यानं तोंड उघडलं होतं. मिटलं. पण त्यानं वाद घालणं सोडलं असं कुणी समजू नये. पुढच्याच महिन्यात पाय गेला तो माझ्या पापामुळं असं म्हणणाऱ्या एका ट्रकचालकाशी तो तासभर भांडला आणि तो माणूस दार आपटून गेला. परत आलाच नाही. साहेबांनी कागद पुन्हा पुढे केला. पुरावा त्या रात्री जेवला नाही. तो माणूस सुटला की आणखी बुडाला, हे कळायला मार्ग नव्हता, आणि न कळणं हेच त्याला सर्वांत जास्त जाळायचं. आता तो वादाच्या आधी एक प्रश्न विचारू लागला होता, "हे तुम्ही कुणाला सांगितलंय का कधी?" कधी त्याचा उपयोग होई, बरेचदा नाही.

वाढत्या मुलांचं सॉकेट वर्षभरात लहान पडतं. त्यामुळं ती मुलगी दर वर्षी येत राहिली. पंधरावं लागलं त्या वर्षी तिनं साचा देता देता सांगितलं, "काका, मी पुन्हा प्रार्थना करायला लागले."

पुराव्याचे हात प्लॅस्टरवर थबकले. "का? तुला तर मी सगळं..."

"तुम्ही म्हणालात तिला कुणी टाकलं नाही. पण तिला कुणी धरूनही ठेवलं नाही ना. तिचं बाक आता वेगळ्याच मुलीचं आहे. मी रोज पाच मिनिटं बसते आणि तिचं नाव घेते."

"ती आठवण झाली. त्याला प्रार्थना कशाला म्हणायचं? ऐकतंय कोण?"

"मी ऐकते."

"मग देव कशाला मधे?"

"तुम्ही तरी का आणता त्याला मधे सारखा? मी नाव घेते म्हटलं, देव तुम्ही काढलात."

"बरं, मला सांग, तू डोळे मिटतेस तेव्हा कुणाशी बोलतेस? नीट विचार करून सांग," पुरावा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, डोळे चकाकत होते.

"हलवू नका हो, साचा बिघडेल!" मुलगी ओरडली. दाराबाहेर पिशवी खांद्याला लावून उभी असलेली टपालवाली आत डोकावली आणि म्हणाली, "आटपा दोघं. माझं टपाल खोळंबलंय."